सेल्फ मारला की नुसतं टक टक होतंय? बॅटरी बदलायच्या आधी तीन आकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १५० सीसीची कार्बोरेटरवाली बाइक आहे, सकाळी सेल्फ मारला की टक टक टक होतं आणि मीटरची लाइट मंद होते, किकला मात्र पहिल्या दुसऱ्या किकेत सुरू होते, दिवसभर फिरवली की संध्याकाळी सेल्फ घेते. बॅटरी तीन महिन्यांपूर्वीच नवी टाकलीय आणि आता मेकॅनिक म्हणतो की बॅटरीच खराब निघाली, परत बदला. तर बदलू का?

आत्ता तरी नका बदलू. बॅटरी खराब झालीच असेल, नाही म्हणत नाही मी, पण तीन महिन्यांत नवी बॅटरी उगाच मरत नाही, तिला कुणीतरी मारतं. ते शोधलं नाही तर पुढची बॅटरी पण तीन महिन्यांनी हेच करणार. माझ्याकडे ज्या बाइका "बॅटरी सारखी जाते" म्हणून येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी दोन दोन बॅटऱ्या बदललेल्या असतात आणि मीटर एकदाही लावलेला नसतो. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, अगदी स्वस्तातला पण चालतो, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. तीन आकडे घ्यायचेत: बाइक बंद असताना, सेल्फ मारताना, आणि इंजिन चालू असताना. या तिघांवरून कळतं की दोष बॅटरीत आहे, चार्जिंगमध्ये आहे की मधल्या वायरिंगमध्ये.

पहिला आकडा. बाइक रात्रभर उभी राहू दे, सकाळी किल्ली न लावता मीटरची लाल पिन प्लसवर, काळी मायनसवर. फिरवून आणल्या आणल्या मोजू नका, चार्जिंग झाल्यावर बॅटरी तासभर तरी खोटा जास्त व्होल्टेज दाखवते आणि माणूस फसतो. लेड अॅसिड बॅटरीत सहा सेल असतात, एकेक २.१ व्होल्टच्या आसपास, म्हणून फुल चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, सीलबंद मेंटेनन्स फ्री असेल तर थोडी वर १२.९ पर्यंत पण जाते. १२.४ म्हणजे पाऊणभर, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास उतरलेली, आणि ११.८ च्या खाली गेली की ती उपाशी आहे असं समजा. लोकांना वाटतं १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवतेय म्हणजे ठणठणीत, ते चूक आहे. आणि चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकून बसत असेल तर एक सेल आतून शॉर्ट झालाय, तिथे मग काही इलाज नाही, ती बॅटरी गेली.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. मीटरच्या पिना बॅटरीवरच धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. चांगली बॅटरी सेल्फ मारताना १० च्या आसपास किंवा वर राहते, ९.५ च्या खाली जाऊ नये. आता इथे गंमत बघा. उभी असताना १२.६ होती आणि सेल्फ दाबल्यावर धाडकन ६-७ वर आली, तर बॅटरीत व्होल्टेज आहे पण जोर नाही, प्लेटांवर सल्फेट बसलंय किंवा सेल कमजोर झालाय (क्वचित मोटर जाम असेल तरी असं होतं, पण मग वायर गरम होते, हात लावून कळतं). याच्या उलट, सेल्फ दाबला, मोटर फिरत नाही किंवा कण्हत फिरते, आणि बॅटरीवर मात्र १२ च्या वर आकडा निवांत उभा आहे, तर बॅटरी निर्दोष आहे. ती द्यायला तयार आहे पण करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. म्हणजे टर्मिनल, रिले (सेल्फ मोटरला करंट सोडणारा स्विच), अर्थिंग किंवा मोटरचे कार्बन (आतले ब्रश). या एका टेस्टवर अर्धी भांडणं मिटतात.

तिसरा आकडा, इंजिन चालू करून. आयडलला १३ च्या आसपास असेल, काही बाइकला हेडलाइट चालू असताना त्याहून कमी पण दिसतं, त्याने घाबरू नका. रेस देऊन ४००० ते ५००० आरपीएमला न्या आणि तिथे बघा, १३.८ ते १४.५ हवं. रेस दिली तरी १२.३-१२.४ वरच बसलंय किंवा हळूहळू खालीच जातंय तर चार्जिंग होतच नाहीये, तुम्ही बॅटरीतलंच खर्च करत फिरताय. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवतोय, अशा बाइकची बॅटरी फुगलेली असते, वास येतो, बल्ब सारखे उडतात, पाण्याची बॅटरी असेल तर पाणी भराभर कमी होतं. इथे बॅटरी बदलून आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे हाच रेग्युलेटरचा डबा) तेच ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता तुमच्या केसकडे येऊ. संध्याकाळी सेल्फ घेते म्हणजे काही ना काही चार्जिंग होतंय हे नक्की. (अर्थात गरम इंजिनात ऑइल पातळ असतं, मोटरला कमी जोर लागतो, हा पण भाग आहे, त्यामुळे संध्याकाळी सेल्फ घेतला म्हणजे बॅटरी फुल झाली असं नाही.) मग रात्रीत जातं कुठे? एक तर बाइक उभी असताना कुणीतरी करंट खातंय, नाहीतर बॅटरी स्वतःच धरून ठेवत नाही, नाहीतर ती कधी पूर्ण भरतच नाहीये आणि कडेलोटाच्या टोकावर उभी आहे. हे वेगळं करायला एक अगदी घरगुती टेस्ट आहे. बाइक फिरवून आणा, तासभर थांबा, व्होल्टेज लिहून ठेवा आणि मायनसचं टर्मिनल काढून ठेवा. सकाळी टर्मिनल न जोडता परत मोजा. रात्री १२.७ आणि सकाळी १२.६ किंवा १२.७ असेल तर बॅटरी धरतेय, मग दुसऱ्या रात्री टर्मिनल जोडून ठेवून तेच करा, आता सकाळी १२.१ आलं तर चोर बाइकमध्ये आहे. टर्मिनल काढूनही १२.१ आलं तर चोर बॅटरीतच आहे, मग वॉरंटीत द्या, आकडे लिहिलेला कागद सोबत न्या, दुकानदार वाद कमी घालतो. आणि रात्रीचाच आकडा १२.३ असेल तर दिवसभर फिरवूनही भरत नाहीये, म्हणजे चार्जिंगकडे वळा.

चोर शोधायचा तर मीटर अँपिअरवर करा, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, मायनस टर्मिनल काढा आणि मीटर त्या टर्मिनल आणि बॅटरीच्या मायनसच्या मध्ये लावा, किल्ली बंद. दिसणारा करंट साध्या बाइकला शून्याच्या जवळ हवा, डिजिटल मीटरचं घड्याळ वगैरे असेल तर काही मिलिअँपिअर. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ दाबू नका, सेल्फ मोटर छोट्या बाइकवर पण मीटरच्या मर्यादेच्या कितीतरी पट खेचते, मीटरचा फ्यूज जातोच. आता समजा ५० मिलिअँपिअर दिसले. बॅटरी ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) धरली तर हिशोबाने १०० तासांत रिकामी, पण सेल्फ अर्ध्यावर आली की नाही म्हणतो, म्हणजे दोन दिवस. एका रात्रीत, १२ तासांत, अर्धी बॅटरी खायला २०० मिलिअँपिअर लागतात. हे लक्षात ठेवा, म्हणजे ५ मिलिअँपिअर दिसल्यावर "सापडला चोर" म्हणून वायरिंग उसकटत बसणार नाही.

जास्त करंट दिसला की एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या लाइनवर शोधा. पहिला संशय बाहेरून लावलेल्या सामानावर: जीपीएस ट्रॅकर, सिक्युरिटी अलार्म, मोबाइल चार्जरचं सॉकेट जे किल्लीच्या लाइनवर न देता थेट बॅटरीवर दिलंय. मोबाइल लावलेला नसला तरी ते सॉकेट थोडं खातच राहतं, काही अलार्म तर त्याहून जास्त. फ्यूज काढूनही करंट कमी होत नसेल तर आरआर युनिटचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून बघा, त्यातला डायोड लीक झाला की बॅटरी रात्रभर उलटी इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलमध्ये उतरते, बाहेरून काहीच दिसत नाही आणि दिवसा चार्जिंग बऱ्यापैकी होत असतं म्हणून कुणी तिकडे बघत नाही. तुमची लक्षणं याच्याशी बऱ्यापैकी जुळतात, म्हणून मी असतो तर ट्रॅकर अलार्म काही नसेल तर इथेच आधी बघितलं असतं.

चार्जिंग कमी निघालं तर लगेच आरआर बदला असं नाही. आधी कपलर उघडून बघा. स्टेटरकडून (त्याच वीज बनवणाऱ्या कॉइलकडून) येणाऱ्या वायरी, बहुतेक पिवळ्या असतात, त्यांचा कपलर वितळून तपकिरी झालेला असणं हे अगदी नेहमीचं आहे. पिना काळ्या पडलेल्या असतील तर नवा कपलर टाका, नुसता दाबून बसवू नका, आठवड्यात परत जळतो. कपलर ठीक असेल तर तीन पिवळ्या वायरी असलेल्या बाइकला कपलर काढून इंजिन चालू करा, मीटर एसीवर, दोन दोन वायरींच्या जोड्या मोजा. ५००० आरपीएमला साधारण ५० व्होल्टच्या वर यायला हवं आणि तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा. पिनांना बोट लावू नका, झटका बसतो. एक जोडी ४० आणि बाकीच्या ६० असतील तर कॉइल जळलीय, तिन्ही चांगल्या असून बॅटरीला मिळत नसेल तर आरआर. इंजिन बंद करून पिवळी वायर ते बॉडी कंटिन्युइटी (मधून करंट जातो का ते) बघा, यायला नको. पण हे तीन फेजवाल्यांसाठी, काही छोट्या बाइकमध्ये कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला अर्थ केलेलं असतं, तिथे कंटिन्युइटी येणारच, ते बघून चांगली कॉइल फेकून देऊ नका.

आणि एक, जास्तीच्या फॉग लाइट. छोट्या बाइकचं चार्जिंग तिच्या स्वतःच्या लोडपेक्षा थोडंच जास्त बनवलेलं असतं. त्यावर ५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले म्हणजे ११० वॅट, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, ते येणार कुठून? ट्रॅफिकमध्ये आयडलला उभं राहिलात की बॅटरीतूनच येणार.

आता टर्मिनल आणि अर्थिंग, कारण यावर कुणी वेळ देत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दोष इथेच असतात. टर्मिनलवर पांढरी हिरवट पावडर दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने धुवा (पाण्याची बॅटरी असेल तर ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका), कोरडं करून पॉलिश पेपर मारा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नाही, घट्ट केल्यावर वरून. टर्मिनल हाताने हलतंय का बघा, हललं तर बाकी टेस्ट करायची गरजच नाही. काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. कारण साधं आहे, बाइकची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, मायनस जागेवर असताना प्लसवरचा पाना चेसिसला टेकला तर सरळ शॉर्ट, ठिणगी उडते, पाना चिकटून लाल पण होऊ शकतो.

मग मायनसची जाड वायर कुठे जाते ते हाताने चाचपत जा, ती इंजिनवर किंवा चेसिसवर एका बोल्टला लागलेली असते. मध्यंतरी एक बाइक आली होती, चेसिसला नवीन पेंट मारून घेतलेली, त्यानंतर सेल्फ घेईना म्हणून बॅटरी बदलली, रिले बदलला, तरी तेच. बॅटरीवर आकडा एकदम झकास, मोटर मात्र कण्हतेय. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस पोलवर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारला तर मीटरने जवळजवळ दोन व्होल्ट दाखवले. तिथे ०.२-०.३ च्या वर यायलाच नको. बोल्ट उघडला तर वायरच्या टोकावरच्या धातूच्या लगखाली चकचकीत पेंटचा थर, करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढा जात होता. पॉलिश पेपर मारून पेंट खरवडला, बोल्ट आवळला, झालं. हीच टेस्ट प्लसच्या बाजूला पण करा, एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फ मोटरच्या टर्मिनलवर, सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवं. जास्त आलं तर रिलेच्या अलीकडे आणि पलीकडे तसंच मोजून कुठला तुकडा खातोय ते काढा, बहुतेक वेळा रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळलेले असतात.

आवाजावरून पण बरंच कळतं. भराभर टक टक टक म्हणजे व्होल्टेज कमी, रिले ओढतो, लोड आला की व्होल्टेज पडतो, रिले सोडतो, परत ओढतो, हेच चालू राहतं. तुमचा तोच आवाज आहे. एकच जोरात टक आणि शांतता म्हणजे रिले ओढतोय पण पुढे जात नाही, रिलेचे कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे कार्बन. मोटरच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकंसं ठोकल्यावर फिरली तर कार्बन झिजलेत, घरी पोचायला ठीक आहे पण रोज ठोकत बसू नका, कार्बन सेट बदलून घ्या. काहीच आवाज नाही, तर किल स्विच बघा, हसू नका, हे रोज होतं. मग साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, मेन फ्यूज. आणि मोटर घर्रर्र करून मोकळीच फिरतेय, इंजिन फिरत नाही, तर वनवे क्लच स्लिप होतोय, त्याचा बॅटरीशी संबंध नाही. (ज्यांचं इंजिन सेल्फने जोरात फिरतं पण सुरूच होत नाही त्यांचा विषय पूर्ण वेगळा: प्लग, पेट्रोल, एअर फिल्टर, व्हॉल्व्ह टाइट. तुमची किकला लगेच होते म्हणजे त्यात जायची गरज नाही.)

तुम्ही विचारलं होतं की किकला होतेय तर तसंच चालवू का. कार्बोरेटरच्या बऱ्याच बाइकना ठिणगी कॉइलमधूनच मिळते म्हणून मेलेल्या बॅटरीवर पण त्या किकने सुरू होतात, पण उतरलेल्या अवस्थेत ठेवलेल्या बॅटरीवर सल्फेट घट्ट होत जातं आणि मग ती चार्जरला पण दाद देत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या बाइकवाल्यांना तर हा पर्यायच कमी, पंप आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) व्होल्टेज नसेल तर धक्का मारून दम लागतो, बाइक सुरू होत नाही. आणि इंजिन चालू असताना "बॅटरी चांगली आहे का बघू" म्हणून टर्मिनल काढायची जी पद्धत आहे ती तेवढी सोडा. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतो आणि आरआर, ईसीयू, मीटर यातलं काहीही जाऊ शकतं.

तर आधी बॅटरी बाहेर काढून बाइकच्याच चार्जरने फुल चार्ज करा, एएचच्या दहाव्या भागाने, म्हणजे ५ एएचला ०.५ अँपिअर, रात्रभर. कारचा मोठा चार्जर लावून तासाभरात उरकू नका, बॅटरी आतून उकळते. नवीन बॅटरी टाकताना पण हे पहिलं चार्जिंग करायला हवं होतं, बरेच जण अॅसिड भरून थेट बसवून देतात आणि ती बॅटरी जन्मभर अर्धीच राहते, तुमच्याकडे तेच झालं असण्याची शक्यता पण मी धरून चाललोय. पाण्याची बॅटरी असेल तर पातळी दोन रेषांच्या मध्ये आहे का बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, अॅसिड कधीच नाही. चार्ज करताना खोली हवेशीर ठेवा, जवळ सिगारेट वगैरे नको, त्यातून हायड्रोजन निघतो. चार्जवरून काढून तीन-चार तास ठेवा, मोजा, बसवा, आणि मग वर सांगितलेले तीन आकडे आणि मायनस काढलेल्या रात्रीचा आकडा इथे लिहा. तेवढ्यावर कुठला पार्ट ते सांगता येईल. तोपर्यंत मेकॅनिकला सांगा की बॅटरीला हात लावू नको, आधी आरआरचा कपलर उघडून दाखव.